इंजिन बांधून आलं आणि पाणी खायला लागलं: कूलंटची गळती शोधण्याचा आणि बंद करण्याचा क्रम

इंजिनकाम होऊन गाडी घरी येते आणि आठवड्याभरात बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, बोलीत ‘पाणी’ म्हटलं जाणारं द्रव) खाली गेलेलं दिसतं. मग दोनपैकी एक होतं. कुणीतरी छातीठोकपणे ‘हेड गॅस्केट गेलं’ (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं पॅकिंग) म्हणून सांगतं आणि बांधलेलं इंजिन पुन्हा खोललं जातं, नाहीतर रेडिएटरमध्ये गळती बंद करणारी पावडर किंवा चक्क हळद पडते. दोन्हींत गळती कुठून होती ते कळतच नाही.

नव्याने बांधलेल्या इंजिनाची अडचण अशी की त्यातला जवळजवळ प्रत्येक जोड कुणीतरी नुकताच उघडून बसवलेला असतो. जुन्या इंजिनात संशयित एक-दोन असतात, इथे वीसेक. म्हणून अंदाजाने काम चालत नाही. बाहेरून आत, थंडाकडून गरमाकडे आणि हेड सगळ्यात शेवटी, हाच क्रम ठेवायचा. गळती सापडेपर्यंत पाना हातात घ्यायची वेळ येत नाही.

## १. ही गळती आहे की अडकलेली हवा निघतेय?

रिकामं इंजिन भरताना पाण्याच्या पोकळ्यांत, हीटरमध्ये आणि वरच्या पाइपात हवा अडकते. इंजिन दोन-तीनदा नीट गरम होऊन थंड झालं की ती बाहेर पडते आणि तिच्या जागी बाटलीतलं कूलंट आत खेचलं जातं. पातळी उतरते, पण थेंबभरही बाहेर सांडलेलं नसतं. लोक इथेच घाबरतात.

रात्रभर उभ्या गाडीची पातळी सकाळी पहा आणि बाटलीवर मार्करने रेघ मारा. पुढच्या सकाळी, त्याच जागी गाडी उभी असताना, पुन्हा रेघ. गरम इंजिनाची पातळी थंडाशी ताडून काही कळत नाही. दोन-तीन दिवसांत उतरणं थांबलं तर ती हवा होती. रोज तेवढंच किंवा जास्त उतरत राहिलं तर पुढे चला.

ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःचं झाकण आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली असते (जुन्या मारुती याच पद्धतीच्या), तिथे फक्त बाटलीवर विसंबू नका. बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. थंड असताना झाकण उघडून रेडिएटर काठोकाठ आहे का ते डोळ्यांनी पहा.

सावधान: गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, जाड फडकं धरूनही नाही. दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी झाकण सुटताच उकळून थेट तोंडावर येतं. वरचा होज हाताने सहज दबला पाहिजे, मगच झाकणाला हात.

## २. तयारी

कूलिंग सिस्टिमचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणि तुमच्या झाकणाला बसणारं अडॅप्टर, हातातली बॅटरी (टॉर्च), छोटा आरसा, कोरडी पांढरी फडकी, पुठ्ठ्याचे मोठे तुकडे, टॉर्क रेंच (मोजून ठरावीक जोराने आवळायचा पाना), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि कूलंट धरायला स्वच्छ घमेलं. टेस्टर विकत घ्यायची गरज नाही, रेडिएटरवाल्याकडे तो बहुधा असतो आणि तासाभरासाठी मिळतो. सायकलचा पंप लावून दाब देण्याचा जुगाड करू नका. गेजशिवाय किती दाब गेला ते कळत नाही आणि हीटरचा कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) फुटला तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

सामानापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे कामाची माहिती. इंजिन कुणी बांधलं त्याला शांतपणे विचारा: हेडचं फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) झालं का, ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग तपासला का, हेड बोल्ट नवे की जुने, पाण्याचा पंप नवा की तोच, ब्लॉकच्या डमी बदलल्या का. डमी म्हणजे ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या. उत्तरं लिहून ठेवा. पुढे मेकॅनिक लेथवाल्याकडे आणि लेथवाला मेकॅनिककडे बोट दाखवायला लागले की हा कागद कामी येतो.

## ३. धुवा, वाळवा, मग पहा

बांधून आलेल्या इंजिनावर आधीच सांडलेलं कूलंट, ऑइल आणि सीलंटचे ओघळ असतात. त्यात नवा ओघळ ओळखू येत नाही. इंजिन थंड असताना धुवून घ्या. अल्टरनेटर, कॉइल आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने झाका, जोराचा फवारा त्यांच्यावर मारू नका. मग पूर्ण वाळवा. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा, कारण ते गळती झेलून भलत्याच टोकाला नेऊन सोडतं. जमिनीवर पुठ्ठा पसरा.

एसी लावून फिरून आलात तर पुठ्ठ्यावर थेंब पडणारच. ते साधं पाणी असतं: रंग नाही, वास नाही, बोटांना बुळबुळीत लागत नाही. कूलंट रंगीत, किंचित चिकट आणि गोडसर वासाचं. चव घेऊन पाहण्याचा उद्योग मात्र नको, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. म्हणूनच जमिनीवर सांडलेलं लगेच पुसा, कुत्री-मांजरं ते चाटतात.

## ४. थंड इंजिनावर दाब

झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो: किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये ०.९, १.१ असा, किंवा किलोपास्कलमध्ये ८८, १०८ असा. दोन्ही जोड्यांचा अर्थ एकच. टेस्टर लावून तेवढाच दाब भरा, त्यावर एक टिचकीही नाही. पंधरा-वीस मिनिटं काटा पहा.

काटा स्थिर राहिला तर थंडपणी गळती नाही. काटा पडतोय आणि कुठेतरी ओलं दिसतंय, तर काम सोपं. काटा पडतोय पण बाहेर सगळं कोरडं, तर आधी टेस्टरच्या जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पहा. त्यानंतरच आतल्या गळतीचा विचार.

थंड इंजिनावरच ही तपासणी करायची याला दोन कारणं आहेत. गरम इंजिन थंड होत जातं तसा आतला दाब आपोआप उतरतो, म्हणजे काटा पडला तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि बऱ्याच गळत्या धातू आकसलेला असतानाच उघड्या पडतात, तापून फुगला की जोड बसतो आणि थेंब थांबतो. पहाटे डबकं आणि दुपारी गॅरेजमध्ये सगळं कोरडं, अशी तक्रार असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजवर सोडा.

झाकणाचीही परीक्षा घ्या, टेस्टरबरोबर त्याचं वेगळं अडॅप्टर असतं. झाकण छापील आकड्याच्या बरंच आधी सुटत असेल तर गळती कुठेच नाही, कूलंट ओव्हरफ्लोतून जातंय. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणातला उलट दिशेचा व्हॉल्व अडकलाय. हजारोंच्या कामाआधी ही काही शेकड्यांची वस्तू तपासणं परवडतं.

## ५. कुठे पाहायचं

कूलंट खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं. त्यामुळे जिथे थेंब लोंबतोय तिथे गळती असेलच असं नाही. ओल्या रेषेचं सर्वांत वरचं टोक शोधा, वाटेतल्या प्रत्येक जोडाखाली कोरडं फडकं टेकवून पहा. बांधलेल्या इंजिनात या जागा या क्रमाने बघाव्यात:

होज आणि त्यांच्या क्लिपा. सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं, आणि सगळ्यात कमी वेळा इथे पाहिलं जातं. इंजिन काढताना जुने होज पिळून उपटलेले असतात, त्यांच्या आतल्या बाजूला चिरा जातात. जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) पाइपच्या कडेवरच आवळलेली असते, खरं तर ती कडेच्या मागे बसायला हवी. इंजिनामागून हीटरकडे जाणारे दोन पाइप आरशाशिवाय दिसत नाहीत.

वॉटर बॉडी. थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्वचं) हे अल्युमिनियमचं घर बोअरवेलचं पाणी वापरलेल्या गाड्यांत आतून खाल्लेलं असतं. खड्डे पडलेल्या फेसवर (जोडाच्या पृष्ठभागावर) नवं पॅकिंग लावून काही होत नाही.

पाण्याचा पंप. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी येतं. नवीन पंपाचं सील बसेपर्यंत सुरुवातीला एखाददुसरा थेंब चालतो, रोजची ओल चालत नाही. हे भोक सिलिकॉनने बुजवणारे लोक आहेत. तसं केलं तर पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरतं. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे ही गळती बेल्टच्या कव्हरमागे होते, म्हणून कव्हरच्या तळाशी ओल आहे का ते पहा. भिजलेला बेल्ट बदलायचाच.

डमी. ब्लॉक धुवायला दिला तेव्हा गंज निघाला, आणि त्या गंजानेच धरून ठेवलेली टोपी गळायला लागली, असं सर्रास होतं. मॅनिफोल्डमागची आणि गिअरबॉक्सच्या बाजूची डमी विसरू नका. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून कूलंट टपकत असेल तर पहिला संशय तिच्यावर.

हेड आणि ब्लॉकमधली रेघ. बॅटरी धरून चारी बाजूंनी पहा. इथे ओल असेल तर हेड उतरवणं अटळ आहे, पण ती वरच्या होजातून ओघळून आलेली नाही याची खात्री आधी करा.

हीटर. डाव्या सीटपुढचं कार्पेट दाबून पहा. काचेवर आतून तेलकट धुकं आणि केबिनमध्ये गोडसर वास म्हणजे हीटरचा कोअर. इंजिनकामाशी त्याचा थेट संबंध नसतो, पण झिजलेल्या कोअरला नव्या झाकणाचा पूर्ण दाब मिळाला की तो हात टेकतो.

इथे थांबून तपासा: एक गळती सापडली म्हणून शोध थांबवू नका. सगळी यादी संपवा, सापडलेल्या प्रत्येक जागेचा फोटो घ्या.

## ६. गरम इंजिन

थंडपणी काहीच सापडलं नाही तरच. झाकण नेहमीसारखं लावा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा, बंद करा आणि लगेच पहा. इंजिन बंद झाल्यावर पाणी फिरायचं थांबतं, तापमान थोडं चढतं, आणि काठावरची गळती त्या पाच-दहा मिनिटांत दिसते. बेल्ट आणि पंख्यापासून हात, ओढणी, दोरी लांब ठेवा. इलेक्ट्रिक पंखा चावी काढल्यावरही सुरू होऊ शकतो.

तरीही नाहीच, तर कूलंटमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाका, एक-दोन दिवस गाडी चालवा आणि अंधारात त्याच्या टॉर्चने पहा.

## ७. आतली गळती: शिक्का मारण्याआधी

बाहेर सगळं कोरडं आणि पातळी मात्र पडतेय. आता हेड गॅस्केटचं नाव घ्यायला हरकत नाही, पण पुराव्यासह.

आधी फसव्या खुणा बाजूला काढू. सकाळी सायलेन्सरमधून पाणी आणि थोडी पांढरी वाफ येणं पेट्रोल गाडीत नेहमीचं आहे. इंजिन तापल्यावरही दाट, गोड वासाचा पांढरा धूर येत राहिला तर ती खूण. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय जमणंही पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत होतं. डीपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर त्या सायीवरून काही ठरवू नका.

आता खऱ्या तपासण्या.

थंड इंजिन सुरू करा. मिनिटभरात, पाणी कोमटही झालेलं नसताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. याची खातरजमा निळ्या रसायनाच्या टेस्टरने होते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून खेचली की कार्बन डायऑक्साइड असल्यास निळा रंग पिवळा होतो. कूलंटची पातळी आधी थोडी खाली घ्या, टेस्टरमध्ये कूलंट शिरलं तर रंगाला अर्थ उरत नाही. रंग एकदा बदलला नाही म्हणजे गॅस्केट निर्दोष असंही नाही, गाडी चढावर चालवून आणून पुन्हा करा.

पाणी सिलेंडरमध्ये उतरतंय का ते पाहायचं तर थंड इंजिनावर दाब देऊन तासभर ठेवा, मग स्पार्क प्लग काढा. फ्यूएल आणि इग्निशनचे फ्यूज काढून क्षणभर स्टार्टर मारा. प्लगच्या भोकातून फवारा उडाला तर सिलेंडर सापडला. मोबाइलला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप असेल तर आत पहा: ज्या पिस्टनवर वाफ होते त्याचं डोकं इतरांपेक्षा धुतल्यासारखं स्वच्छ असतं.

सावधान: दाब दिल्यानंतर प्लग न काढता स्टार्टर मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइलसाठी गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बोल्ट जरासाच सैल करा. पाणी जड असल्याने आधी ते येतं. आलं तर ते इंजिन आता चालवायचं नाही, दोन किलोमीटरही नाही. ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल नवीन बेअरिंग खातं. वेट लायनरच्या इंजिनात (ज्यात सिलेंडरची वेगळी नळी थेट पाण्यात बसते) ही गळती हेडऐवजी लायनरच्या खालच्या रबरी रिंगांतून होऊ शकते, आणि मग हेड गॅस्केट कितीही बदला, संपमध्ये पाणी येतच राहतं.

उलट प्रकार, म्हणजे कूलंटच्या बाटलीत ऑइल पण डीपस्टिक स्वच्छ, दिसला तर हेडआधी ऑइल कूलर तपासा. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून कूलर फुटला की ऑइल पाण्यात जातं. हा एक भाग वेगळा काढून तपासता येत असताना अख्खं हेड उतरवलेल्या डिझेल गाड्या काही कमी नाहीत.

## ८. बाहेरच्या जोडांची दुरुस्ती

कूलंट थंडपणीच काढा. स्वच्छ घमेल्यात आलेलं आणि नवीनच भरलेलं असेल तर गाळून परत वापरता येतं. किती लिटर निघालं ते मोजून ठेवा, पुढे लागेल.

होज बदलताना पाइपच्या तोंडावरचा पांढरा खार बारीक पॉलिश पेपरने काढा. होज सरकवायला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगून सैल होतं. साबणाचं पाणी पुरे. रेडिएटरचं तोंड प्लास्टिकचं असेल तर जुबली क्लिप बेताने आवळा. कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा शाबूत असतील तर त्याच परत लावा, होज तापून-थंडावून आकार बदलतो त्याबरोबर त्या पकड जुळवून घेतात.

पंप आणि वॉटर बॉडीचे फेस प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. अल्युमिनियमवर पोलादी पातं किंवा ग्राइंडरची चकती फिरवली की नवीन खाच तयार होते. पॅकिंग आहे तिथे पॅकिंग, सिलिकॉन आहे तिथे सिलिकॉन. दोन्हींचा जाड थर देण्याची सवय वाईट: बाहेर जेवढं पिळून निघतं तेवढंच आतही निघतं, आणि ते तुकडे हीटरमध्ये जाऊन बसतात. दोन-तीन मिलिमीटरची अखंड रेघ पुरते. ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळा, बहुतेकांना पूर्ण पक्कं व्हायला चोवीस तास लागतात. संध्याकाळी लावून लगेच पाणी भरलेले जोडच दुसऱ्या दिवशी गळतात. हे सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचे असतात. लांब पान्याने आवळले तर अल्युमिनियमचे आटे बाहेर येतात.

थर्मोस्टॅटला हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते.

डमी बदलताना एका कडेवर ठोकून तिला आडवी फिरवा आणि पकडीने ओढा, आत ढकलू नका. बसकण स्वच्छ करून सीलंटचा पातळ हात द्या, मापाच्या सॉकेटने सरळ ठोका. तिरकी बसली तर पुन्हा काढायची. ठोकून ठोकून सरळ करत बसू नका.

## ९. हेड उतरवावंच लागलं तर

इंजिन पूर्ण थंड. बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत. गरम हेड घाईने उतरवलं तर तिथेच वाकतं.

जुनं गॅस्केट फेकू नका. पाण्याच्या भोकापासून सिलेंडरच्या कडीपर्यंत काळपट किंवा धुतलेली वाट दिसते, तीच गळतीची वाट. तिच्या समोरचा भाग हेडवर आणि ब्लॉकवर, दोन्हीकडे, खुणेने दाखवून ठेवा.

आता स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फिलर गेज. लांबीत दोन, रुंदीत दोन आणि दोन कर्ण, अशा सहा रेघांवर मोजा. लहान पेट्रोल इंजिनांत बहुधा ०.०५ मिलिमीटरची मर्यादा धरतात, तुमच्या इंजिनाची मॅन्युअलमध्ये पहा. हेच मोजमाप ब्लॉकवरही करा. बांधलेल्या इंजिनांत राहून गेलेलं काम सहसा हेच असतं. हेड लेथवर जातं, चकचकीत होऊन येतं, आणि वाकलेल्या ब्लॉकवर बसतं.

फेसिंगआधी हेडची प्रेशर टेस्ट मागा. पाण्याची भोकं पट्ट्यांनी बंद करून हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात, तडा असेल तर बुडबुडे येतात. गरम पाण्याचाच आग्रह धरा, काही तडे तापल्यावरच उघडतात. पत्र्यांच्या थरांचं गॅस्केट असेल तर फेस जवळजवळ आरशासारखा लागतो, जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला चालणारा खरखरीतपणा त्याला चालत नाही. हेडची किमान जाडी मॅन्युअलमध्ये असते, तिच्याखाली गेलेलं हेड भंगारात.

डिझेलवाल्यांसाठी एक जादा पायरी आहे. अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतात आणि जाडी कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून जाडी ठरते. पिस्टन, रॉड किंवा ब्लॉकचा फेस बदलला असेल तर जुन्या गॅस्केटच्या खाचा मोजून नवीन आणणं चुकीचं.

बसवताना:

१. बोल्टच्या भोकांत हवा मारून तळापर्यंत कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकतो. कमीत कमी झालं तरी टॉर्क खोटा लागतो.

२. अंशात आवळायचे (टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंश फिरवायचे) बोल्ट ताणले जातात. मॅन्युअल नवे घ्या म्हणत असेल तर नवेच. पुन्हा वापरायला परवानगी असेल तर लांबी मोजा.

३. एखादा बोल्ट पाण्याच्या पोकळीत उघडत असेल तर त्याच्या आट्यांना सीलंट. बाकीच्यांना मॅन्युअल सांगेल तसं हलकं ऑइल.

४. गॅस्केटवरची वर आणि पुढे ही खूण पहा. ब्लॉकचं भोक मोठं आणि गॅस्केटचं छोटं दिसलं तर ते कापून मोठं करू नका, पाणी कुठून किती जायचं ते त्या भोकांवर ठरतं. शेलॅक किंवा सिलिकॉन फासू नका. टायमिंग कव्हरच्या कोपऱ्यांवर मॅन्युअलने सांगितलेला ठिपका तेवढा अपवाद.

५. मध्यापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क, मग अंश. प्रत्येक फेरीनंतर बोल्टवर मार्करची खूण करा. कितवा बोल्ट राहिला ते आठवून सांगण्याची पाळी येऊ नये.

पहिल्यांदा तापल्यावर पुन्हा टॉर्क मारायचा का, हेही मॅन्युअलच ठरवतं. जुन्या गॅस्केटना तो लागायचा. अंशात आवळलेल्या बोल्टना ‘अजून थोडं’ म्हणून पुन्हा पाना लावणं म्हणजे नवं काम बिघडवणं.

## १०. भरणं आणि हवा काढणं

डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असा मानकाचा उल्लेख पहा, आणि गाडीच्या पुस्तकातला प्रकार. रंगावरून जुळवू नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी, तयार मिश्रण असेल तर त्यात काही मिसळायचं नाही. हापशाचं किंवा टँकरचं पाणी नको.

गाडीचं तोंड चढावर करा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल. हळू भरा, मधूनमधून वरचा होज दाबा. स्क्रूतून बुडबुडे संपून सलग धार आली की बंद करा. इंजिन आयडलवर चालवा, वरचा होज गरम होईपर्यंत आणि पंखा दोनदा फिरेपर्यंत.

इथे थांबून तपासा: जेवढं निघालं होतं किंवा पुस्तकात जेवढं सांगितलंय, तेवढं आत गेलं का? चार लिटरच्या जागी तीनच मावलं तर एक लिटर हवा आत आहे. हीटरमधून गार वारा येत असेल किंवा काटा वर-खाली नाचत असेल तर तेच. तापमानाचा सेन्सर वाफेत अडकला तर काटा खालीही दाखवतो, त्यामुळे काटा खाली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

## ११. परत दाब

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि चौथ्या पायरीची तपासणी पहिल्यापासून करा. मोठी गळती बंद झाली की सिस्टिम पहिल्यांदाच पूर्ण दाब धरते, आणि आजवर गप्प असलेला दुसरा जोड तेव्हाच गळायला लागतो. त्यात दुरुस्ती फसली असं काही नाही, दुसरा जोड पकडा आणि आठवी पायरी त्याच्यासाठी करा.

ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर ऑइल आणि फिल्टर आता बदला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. बाटलीवर नवीन रेघ मारा, पहिले काही दिवस रोज सकाळी पहा. पहिला लांब प्रवास घाटातला असू नये, आणि सोबत थोडं मिश्रण ठेवा. पातळी सलग आठवडाभर रेघेवर राहिली की खालचं प्लास्टिकचं कव्हर परत चढवायचं, तोवर ते गॅरेजच्या कोपऱ्यातच बरं.